टुक् होतं, पण मासा लागत नाही: एप्रिलमधला वॉलआय आणि मे महिन्यातला स्मॉलमाउथ

वॉलआय हा उत्तर अमेरिकेतला गोड्या पाण्यातला शिकारी मासा; तो गरवताना दिसणारं लक्षण असं. एप्रिलचा दुसरा आठवडा, अमेरिकेतलं मिशिगन आणि कॅनडा यांच्या सीमेवरची डेट्रॉइट नदी, होडीखाली वीस-बावीस फूट पाणी. जिग, म्हणजे शिशाचं डोकं असलेला गळ, तळाला टेकतं, तुम्ही ते उचलता, हाताला टुक् होतं. हिसका मारता. काही नाही. वर घेऊन बघता तर मिनोचं (आमिष म्हणून लावलेल्या छोट्या माशाचं) शेपूट गायब. नवा मिनो लावता, पुन्हा टुक्, पुन्हा काही नाही. तेवढ्यात बाजूच्या होडीतली हातजाळी तिसऱ्यांदा पाण्यात जाते, आणि तुम्ही डबा उघडून जिगचा रंग बदलता.

दर वसंतात कुणी ना कुणी हेच गाऱ्हाणं घेऊन येतं, म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवतो. उत्तर आधीच सांगतो: रंग बदलू नका. दोष बहुतेक वेळा डब्यात नसतो. जिग खाली पडतानाच्या एका सेकंदात तुमचा हात काय करतो, तिथे असतो.

माझे पहिले दोन एप्रिल असेच वाया गेले, आणि त्याचं कारण चक्क माझं बालपण होतं. मी कर्ली खाडीच्या काठावर वाढलो. बाबांबरोबर गरवायला जायचो. रॉड-रील काही नाही. हातात दोरी, टोकाला शिसं आणि गरी, गरीला कोलंबीचा तुकडा. तांबोशी किंवा शेंगाळा दोरी चाळवायला लागला की मी लगेच ओढायचो आणि बाबा ओरडायचे, "खाऊक दी तेका, घाई करू नको!" तिथे ते अगदी बरोबर होतं. खऱ्या कोलंबीचा तुकडा मासा चघळतो, गिळतो, मग ओढायचं. मिशिगनमध्ये मी तीच सवय जिगला लावली. पण जिगचं डोकं शिशाचं. वॉलआयच्या तोंडात शिसं गेलं की त्याला ते कळतं आणि तो थुंकतो. मी त्याला "खाऊ देत" होतो तोवर तो निघून गेलेला असायचा.

नदीबद्दल थोडक्यात. डेट्रॉइट नदी ही नावालाच नदी. सेंट क्लेअर सरोवराचं पाणी ईरी सरोवरात नेणारा साधारण ४५ किलोमीटरचा रुंद, जोरकस ओढा म्हणा. ईरीतले वॉलआय वसंतात अंडी घालायला याच पाण्यात वर चढतात. पाणी ४२ ते ५० फॅरनहाइट, म्हणजे साधारण साडेपाच ते दहा सेल्सियस झालं की ऐन हंगाम. माद्या येतात, अंडी टाकतात आणि फार न रेंगाळता परततात. लहान नर मात्र आठवडेच्या आठवडे दगडगोट्यांवर ठाण मांडून असतात. सगळे तळाला चिकटलेले. तळापासून तीन फूट वर नाचणारं तुमचं जिग त्यांच्या गावीही नसतं.

आधी मिनो बघा

टुक् झालं आणि मासा लागला नाही, तर पहिलं काम म्हणजे मिनो तळहातावर घेऊन उजेडात नीट बघणं. लोक तो न बघताच नदीत फेकतात. रोगाचं निदान त्याच्याच अंगावर लिहिलेलं असतं.

दोन्ही अंगांवर बारीक चिरा, खवले खरवडलेले, किंवा गळाच्या मागचा भाग एका घावात तोडलेला असेल तर तो वॉलआय. त्याचे दात सुळ्यांसारखे, विरळ आणि अणकुचीदार. खूण स्वच्छ उमटते.

शेपूट आणि पोट कुरतडल्यासारखं, दोरे निघालेल्या फडक्यासारखं दिसत असेल तर तो गोबी. हा बोटभर लांबीचा तळाचा मासा मूळचा काळ्या समुद्राच्या आणि कॅस्पियनच्या बाजूचा. जहाजं तोल राखायला भरून घेतात त्या (बॅलास्टच्या) पाण्यातून इथे आला. सेंट क्लेअर नदीत तो पहिल्यांदा १९९० साली सापडला. त्याचं चावणं हाताला टुक् असं एकदाच लागत नाही, टकटकटक असं घाईघाईचं लागतं. खात्री करायची सोपी युक्ती आहे. जिग तळापासून फूटभर वर उचला आणि स्थिर धरा. गोबीला वाताशय नसतो, तो पाण्यात तरंगत राहू शकत नाही, तळ सोडून फारसा वर येत नाही. टकटक थांबली तर गोबीच. तिथून शंभर-दोनशे फूट सरका, उगीच मिनो खर्ची घालू नका.

मिनो धडधाकट, पण जिगच्या रंगावर ओरखडे असतील किंवा गळाच्या टोकाला शिंपल्याची कपची अडकली असेल, तर ते टुक् माशाचं नव्हतंच. नदीच्या तळाशी झेब्रा मसलचे शिंपले पसरलेले आहेत (सेंट क्लेअर सरोवरात ते १९८८ साली पहिल्यांदा आढळले), आणि त्यांच्यावर आपटणारं जिग नवख्याला हुबेहूब माशासारखं लागतं. पहिल्या एप्रिलमध्ये मी दिवसभरात निदान पन्नास शिंपल्यांना हिसके मारले असतील.

गोबी किंवा शिंपले निघाले तर प्रश्न तिथेच मिटला. वॉलआय असेल तर पुढे वाचा.

लाइन सरळ खाली जाते का

रॉडच्या टोकाकडून पाण्याकडे बघा. लाइन ओळंब्यासारखी उभी आहे का? गवंडी भिंतीला ओळंबा लावतो तशी हवी. ती तिरकी असेल तर खाली काय चाललंय ते तुम्हाला कळत नाही, आणि हिसक्याचा अर्धा जोर लाइनचा बाक सरळ करण्यातच जातो.

लाइन तिरकी होते कारण होडी आणि तळाशी असलेलं जिग यांचा वेग जुळत नाही. प्रवाह साधारण उत्तरेकडून दक्षिणेकडे जातो. उत्तरेचा वारा असला की तो होडीला पाण्यापेक्षा पुढे ढकलतो आणि लाइन मागे ओढली जाते. दक्षिणेचा वारा होडीला अडवतो, पाणी जिगला पुढे नेतं, लाइन पुढच्या बाजूला ताणली जाते. वर प्रवाहाविरुद्धच्या वाऱ्याने लाटाही उभ्या राहतात. उपाय एकच: पुढची इलेक्ट्रिक मोटर सतत थोडी-थोडी मारून होडी जिगच्या डोक्यावर ठेवायची. ज्याच्या हातात मोटरचं पेडल आहे, त्याने स्वतःच्या लाइनकडे बघून होडी हाकायची. बाकीच्यांच्या लाइन आपोआप सरळ राहतात. हे काम कंटाळवाणं आहे आणि दिवसभराच्या माशांपैकी निम्मे त्यावरच ठरतात.

वजनात कंजुषी नको. अर्धा औंस पुरत नसेल तर पाऊण औंस, म्हणजे साधारण २१ ग्रॅम. ओढ जास्त असेल तर एक औंससुद्धा. "हलकं जिग नैसर्गिक वाटतं" हे तळ्यात खरं. इथे हलकं जिग म्हणजे तळाशी न पोचणारं जिग.

लाइन ब्रेडेड (विणलेली), भडक पिवळी किंवा हिरवी, आठ-दहा पौंडांची, आणि शेवटी दोन-तीन फूट फ्लुरोकार्बनचा लीडर (जिगला बांधायचा पारदर्शक लाइनचा तुकडा). साधी नायलॉन लाइन ताणली जाते. वीस फुटांवरचं नाजूक टुक् तिच्यातच विरतं. भडक रंग माशासाठी नसून तुमच्या डोळ्यांसाठी. पुष्कळदा हाताला काही लागायच्या आधी लाइन उगाच एक इंच बाजूला सरकते. ते दिसलं पाहिजे.

खरा आजार: सोडताना ढील

आता मुद्द्यावर. वॉलआय जिग चावून धरत नाही. तो तोंड झटक्यात उघडतो, पाण्याबरोबर समोरची वस्तू आत ओढून घेतो आणि नको असलेलं बाहेर टाकतो. हे बहुतेक वेळा जिग खाली जात असतानाच घडतं. तुम्ही जिग उचलून रॉडचं टोक एकदम खाली सोडलंत की लाइनला ढील पडते. मासा त्या ढिलाईत जिग घेतो आणि टाकतो. तुमच्या हाताला जे टुक् लागतं, ते त्याच्या निरोपाचं असतं.

म्हणून जिग टाकायचं नाही, उतरवायचं. विहिरीत कळशी आवाज न करता सोडतो तसं. तळाला टेकवा, एक वीत उचला, क्षणभर थांबा, मग रॉडचं टोक जिगच्या वेगानेच खाली आणा. लाइन पूर्ण वेळ सरळ, पण जिगला लोंबकळत ठेवण्याइतकी ताठ नाही. दोन-दोन फुटांचे झोके देणारे लोक मी बघतो. थंड पाण्यातल्या माशाला त्यामागे धावायची इच्छा नसते.

आणि हिसका कधी? टुक् झाल्यावर तर लगेच, विचार न करता. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे टुक् न होताही. जिग जिथे टेकायला हवं होतं तिथे टेकलंच नाही, हिसका. उचलताना ओलं फडकं अडकल्यासारखं जड लागलं, हिसका. माझे अर्ध्याहून जास्त मासे आता या "काहीतरी वेगळं आहे" वरच लागतात. हिसका म्हणजे डोक्यावरून रॉड फिरवणं नव्हे. मनगटापासून कोपरापर्यंतचा फूटभर झटका पुरतो. मोठा झटका मारलात आणि मासा चुकला, तर जिग सहा फूट वर जातं आणि तो मासा पुन्हा काही ते शोधत येत नाही.

हे शिकायला मी घरीच एक प्रयोग केला. जिन्याच्या वरच्या पायरीवर बसायचं, खालच्या मजल्यावर स्टीलचं ताट पालथं ठेवायचं आणि डोळे मिटून जिग ताटावर उतरवायचं. ठण्ण असं वाजलं तर तुम्ही ते टाकलंत. नुसतं टिक् वाजलं तर उतरवलंत. तिसऱ्या संध्याकाळी बायकोने विचारलं की हा आवाज अजून किती दिवस चालणार आहे. चौथ्या संध्याकाळी टिक् जमलं. त्या शनिवारी नदीवर पाच वॉलआय, आणि जिग तेच, ज्याला मी आधी "अपशकुनी रंग" म्हणून डब्याच्या तळाशी टाकलं होतं.

हात सुधारला, तरीही शेपूटच तुटतं

असे दिवस असतातच. थंडीची लाट येऊन पाणी दोन-तीन अंशांनी उतरलं की मासे अर्धवट तोंड लावतात. तेव्हा दोन गोष्टी.

एक, मिनो कसा ओवला आहे ते बघा. नुसत्या ओठांतून गळ घातला तर मिनोचा सगळा देह गळाच्या मागे लोंबतो. गळ तोंडातून आत घेऊन डोक्यामागून पाठीतून वर काढा, म्हणजे टोक निदान बोटभर मागे जातं. मिनो लांबीला लहानच निवडा.

दुसरी, स्टिंगर. जिगच्या गळाला छोट्या लाइनने बांधलेला बारीक तिहेरी गळ, त्याचा एक काटा मिनोच्या शेपटाजवळ. शेपूट तोडणारा मासा यालाच लागतो. पण पहिल्या क्षणापासून स्टिंगर लावून बसू नका. तो तळाशी अडकतो, जिग गमावता, आणि हाताची चूक झाकून ठेवतो. माझ्या मते तो शेवटचा उपाय आहे, पहिला नाही. इथले जुने गडी याबाबतीत माझ्याशी भांडतील.

गळाचं टोक अंगठ्याच्या नखावर टेकवून हलकेच ओढा. रुतलं तर ठीक. घसरलं तर बोथट. शिंपल्यांच्या तळावर हे दर अर्ध्या तासाने करायचं. त्याच वेळी लीडरचा शेवटचा फूटभर भाग बोटांतून फिरवा, खरखरीत लागला तर कापून नवीन गाठ मारा.

दोष पाण्याचाच असेल तेव्हा

सेंट क्लेअर सरोवर उथळ आहे, सरासरी खोली जेमतेम ११ फूट. दिवसभर जोराचा वारा सुटला की त्याचा तळ ढवळतो आणि तो गढूळ चहा दुसऱ्या दिवशी नदीतून खाली येतो. वॉलआयच्या डोळ्यात मागे परावर्तक थर असतो, म्हणून अंधुक उजेडात त्याला आपल्या भक्ष्यापेक्षा बरं दिसतं; थोडा गढूळपणा त्याला मानवतोच. पण जिग पाण्यात सोडल्यावर सहा इंचांतच दिसेनासं झालं तर त्या दिवशी तंत्राला दोष देऊ नका. गढूळ आणि स्वच्छ पाण्याची सीमारेषा दिसते का ते शोधा आणि तिच्या कडेने फिरा. नसेल दिसत तर थर्मासमधला चहा संपवून घरी जा.

अशा दिवसांतही खाऱ्या खाडीवर वाढलेल्या माणसाला गंमत वाटेल असं एक दृश्य इथे दिसतं. संध्याकाळच्या अंधारात काही होड्या प्रवाहाविरुद्ध हळूहळू वर जात असतात आणि त्यांच्यात रॉड नसतातच. होडीच्या कडेला रीळ, त्यावर तार, तारेच्या टोकाला पौंडभराहून जड शिसं, आणि ती तार माणसाच्या हातात. याला इथे हँडलाइनिंग म्हणतात आणि डेट्रॉइट व सेंट क्लेअर नद्यांवर ती जुनी परंपरा आहे. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी इतका वेळ टक लावून बसलो की त्या होडीतल्या आजोबांनी विचारलं, काही हवंय का. काय सांगणार, आमच्याकडे पण असंच असतं म्हणून?

दोन गोष्टी सांगितल्याशिवाय पुढे जात नाही. २५ मार्चच्या सुमारास सू लॉक्स (सुपीरियर सरोवरातून जहाजं खाली उतरवणारे जलदरवाजे) उघडले की हजार-हजार फुटी मालवाहू जहाजं याच खोल मार्गाने जायला लागतात; त्यांना थांबता येत नाही, तुम्हीच बाजूला व्हायचं. आणि ४२ फॅरनहाइटच्या पाण्यात पोहता येणं फारसं कामाचं नसतं, जीवरक्षक जाकीट अंगावर हवं, सीटखाली नको. सीमा नदीच्या मधून जाते. कॅनडाच्या बाजूला गळ टाकायचा तर ऑन्टारिओचा परवाना वेगळा. किती आणि केवढे मासे न्यायचे ते त्या वर्षीच्या नियमात बघा, आणि खाण्याबाबत मिशिगनच्या आरोग्य खात्याची मासे खाण्याविषयीची मार्गदर्शिकाही. मोठ्या माद्या मी सोडतो. मध्यम नर घरी येतात. काटे कमी, मांस पांढरं, मालवणी मसाला लावून रव्यात घोळवून तळले की पाहुणे हा कुठला मासा म्हणून विचारतात.

मे महिना: स्मॉलमाउथचं दुखणं उलटं

वॉलआय ओसरले की मी सेंट क्लेअर सरोवरावर जातो. पाणी ४८ ते ५५ अंश, म्हणजे ९ ते १३ सेल्सियस. अंडी घालण्याआधीचे भुकेले स्मॉलमाउथ (बास जातीतला गोड्या पाण्यातला मासा). पाणी काचेसारखं स्वच्छ (शिंपले पाणी गाळतात, त्यांची एवढी एक कृपा), त्यामुळे इथलं लक्षण डोळ्यांना दिसतं: जर्कबेटमागे (झटके देत ओढायच्या माशाच्या आकाराच्या खोट्या आमिषामागे) दोन-तीन तपकिरी मासे येतात, होडीपर्यंत येतात, नाक लावतात आणि वळून जातात. किंवा हलकीशी धडक होते आणि काही लागत नाही.

ज्यांचा हात एप्रिलमध्ये नुकताच सुधारलाय त्यांची इथे फजिती होते, कारण इथे ढीलच हवी. जर्कबेटला ताठ लाइनवर ओढलंत तर ते सरळ रेषेत नुसतं पुढे येतं. छोटा झटका द्या आणि लगेच रॉडचं टोक मागे आणून लाइन सैल करा. मग ते डावी-उजवीकडे कोलांटतं. दोन झटके, आणि मग थांबा. खरोखर थांबा. ५० अंशांच्या पाण्यात मी मनात दहापर्यंत मोजतो. आपल्याला वाटतं आपण दहा सेकंद थांबलो. घड्याळ लावून बघा, चारच असतात. मासा बहुधा त्या थांबण्यातच घेतो, आणि ते टुक् म्हणून येत नाही. पुढचा झटका द्यायला जाता आणि पलीकडे कुणीतरी आधीच धरून बसलेलं असतं.

थांबूनही वळून जात असतील तर जर्कबेट तपासा. ते पाण्यात जागच्या जागी तरंगत राहील असं खोक्यावर लिहिलेलं असतं. पण थंड पाणी जास्त घन असतं. उन्हाळ्यात स्थिर राहणारं तेच जर्कबेट मे महिन्याच्या सुरुवातीला बुचासारखं वर यायला लागतं. होडीच्या कडेला पाण्यात धरा, सोडा आणि बघत राहा. वर चढत असेल तर मधल्या गळाच्या दांड्याला शिशाच्या तारेचे एक-दोन वेढे द्या. एकेक वेढा वाढवत पुन्हा बघा. किंचित नाक खाली करून स्थिर राहिलं की झालं. हे घरच्या बादलीत करू नका, नळाचं पाणी कोमट असतं. त्याच सरोवराच्या पाण्यात करा. माझ्या ओळखीच्या एकाने महिनाभर नवनवी जर्कबेट विकत घेतली, आणि दोष दीड इंच तारेचा निघाला.

पाणी ६० अंशांच्या आसपास गेलं की नर उथळ रेतीत गोल घरटी करून अंड्यांवर पहारा देतात. तेव्हा ते जवळ आलेल्या कशावरही तुटून पडतात, म्हणून लागतात सहज. पण नर घरट्यावरून उचलला की आजूबाजूचे गोबी काही क्षणांत अंड्यांवर येतात. मी तेव्हा त्या भागातून निघून जातो. तसेही सेंट क्लेअर सरोवरात आणि त्याला जोडलेल्या दोन्ही नद्यांत जूनच्या तिसऱ्या शनिवारपर्यंत बास ठेवता येत नाही. पकडला तर लगेच सोडायचा.

गेल्या मे महिन्यात होडीवरूनच बाबांना व्हिडिओ कॉल लावला होता. फोन आडवा करून पाण्यावर धरला. जर्कबेट थांबलेलं, त्याच्यामागे हातभर अंतरावर एक मोठा स्मॉलमाउथ थांबलेला. माझं सहा मोजून झालं होतं आणि मनगट शिवशिवत होतं. मालवणहून आवाज आला, "घाई करू नको." आठ, नऊ. लाइन बाजूला सरकली.